ई-रीडरवर ओपन सोर्स सिस्टीम : आधी माल तपासा, मगच हात घाला

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. पैसे चुकते झाले की तागा गिऱ्हाइकाचा. त्याने त्याचा सदरा शिवावा, पडदा शिवावा, नाहीतर पेटीत ठेवून द्यावा. दुकानदार त्याच्या घरी जाऊन विचारत नाही. यंत्रांच्या बाजारात हा नियम आता राहिलेला नाही. तिथे आपण पूर्ण पैसे मोजतो, यंत्र घरी आणतो, पण त्यात काय चालवायचे आणि काय नाही हे कंपनी ठरवते. पुस्तके वाचण्याचे यंत्र, म्हणजे ई-रीडर, हे याचे चांगले उदाहरण आहे.

वराळे-तळेगाव पट्ट्यातील काही व्यापारी व कारागीर बांधवांनी आमच्याकडे या यंत्राची चौकशी केली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. जुनी उर्दू पुस्तके आणि जुनी मराठी पुस्तके त्यावर नीट वाचता येतात का? येत नसतील तर त्यात दुसरी सिस्टीम बसवता येते का? आणि आपण संगणकाचे जाणकार नसताना हे काम आपल्याला जमेल का? आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलेले आणि उभे आयुष्य कापड मोजण्यात घालवलेले. म्हणून हा विषय व्यापाऱ्याला समजेल अशाच भाषेत मांडत आहोत.

ई-रीडर म्हणजे नेमके काय?

मोबाईलचा पडदा आतून उजेड फेकतो, ई-रीडरचा पडदा कागदासारखा असतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे व पांढरे कण असतात आणि दोघांचा विद्युतभार एकमेकांच्या उलट असतो. विजेचा झटका दिला की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो. अक्षर एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, फक्त पान बदलताना लागते. म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते, उन्हातही स्वच्छ दिसते आणि डोळ्यांना त्रास कमी होतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अक्षर मोठे करून वाचता येते, हा फायदा वेगळाच.

हे तंत्र बनवणारी ई इंक ही कंपनी १९९७ साली अमेरिकेत निघाली. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये असा पहिला रीडर विकला. २००७ मध्ये ॲमेझॉनचा किंडल आला. कोबो ही कॅनडातली कंपनी २००९ ची, पुढे ती जपानच्या राकुतेन कंपनीने घेतली. पॉकेटबुक हे आणखी एक जुने नाव. बाजारात मुख्यत्वे हीच नावे कानावर पडतात.

आत कोणती सिस्टीम असते?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा मुनीम. बटण दाबले, फाईल उघडली, पान उलटले की ही सगळी कामे तो मुनीम करतो. दुकानातल्या संगणकावर हे काम विंडोज करते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला आणि चांगले चालणारे हजारो संगणक एका रात्रीत 'जुने' ठरले, हे पुष्कळ दुकानदारांनी पाहिले आहे. संगणक बिघडला नव्हता, फक्त मुनिमाला पगार देणे कंपनीने थांबवले.

ओपन सोर्स म्हणजे ज्या प्रोग्रामचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे असा प्रोग्राम. शिंपी बांधवांना हे लगेच कळेल. तयार सदरा विकत घेतला तर फक्त सदरा मिळतो. सदऱ्याबरोबर त्याचा कागदी फर्मा मिळाला, तर बाही लांब करता येते, गळा बदलता येतो आणि शेजाऱ्यालाही तसाच शिवून देता येतो. ओपन सोर्समध्ये हा फर्मा मिळतो. लिनक्स हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली.

आता गंमत पाहा. किंडल, कोबो आणि पॉकेटबुक या तिन्ही यंत्रांच्या पोटात लिनक्सच आहे. कंपन्यांनी हा फुकटचा, खुला पाया घेतला आणि त्यावर आपली दुकानाची पाटी व आपले कुलूप लावले. म्हणून 'ई-रीडरवर ओपन सोर्स बसवणे' याचा अर्थ परके काही आणून भरणे असा नाही. पाया तोच राहतो, वरचा मजला बदलतो.

आपल्याला याची गरज का पडते?

पहिले कारण भाषेचे. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर भारतीय भाषांची पुस्तके आणली. त्यात हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम होती. उर्दू नव्हती. नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, तिचे शब्द उतरत्या चालीने एकमेकांवर चढतात, जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. कंपनीने तिची सोय केली नसेल तर अक्षरे सुटी पडतात किंवा साध्या अरबी वळणाची दिसतात. वाचणाऱ्याचा जीव रमत नाही.

दुसरे कारण स्कॅन केलेल्या पुस्तकांचे. आपली बहुतेक जुनी पुस्तके आज फोटो काढलेल्या पानांच्या पीडीएफ स्वरूपात मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुष्कळ प्रकाशने अशी मोफत दिली आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर उर्दू व मराठीचे मोठे भांडार आहे. पण मोठ्या आकाराचे पान सहा इंची पडद्यावर आणले की अक्षर मुंगीएवढे होते. कंपनीचा प्रोग्राम म्हणतो, पान मोठे करा आणि बोटाने इकडे-तिकडे सरकवा. दहा पाने अशी वाचली की माणूस यंत्र बाजूला ठेवतो.

तिसरे कारण मालकीचे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसेही परत मिळाले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. पण विकलेला तागा रात्री येऊन उचलून नेता येतो, हे त्या दिवशी जगाला कळले. पुढे २६ फेब्रुवारी २०२५ पासून, विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने किंडलमध्ये घालण्याची सोयही ॲमेझॉनने बंद केली.

याच मुद्द्यावर एका भारतीयाने केलेले काम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २००६ मध्ये सोनीने एक रीडर काढला. तो लिनक्स संगणकाशी बोलत नव्हता. कोविद गोयल यांनी कंपनीची वाट न पाहता स्वतःच प्रोग्राम लिहिला. तोच पुढे वाढून 'कॅलिबर' झाला. पुस्तके लावणे, एका प्रकारच्या फाईलची दुसऱ्या प्रकारची करणे आणि ती रीडरमध्ये पाठवणे या कामासाठी आज तो जगभर वापरला जातो. तो ओपन सोर्स आहे, फुकट आहे आणि विंडोजवरही चालतो. या वाटेवरचे पहिले पाऊल कॅलिबरच समजावे. संगणकावर तो बसवताना ई-रीडरला हातही लावावा लागत नाही.

तीन पायऱ्या : सगळ्यांना तिसरी गाठायची नाही

लोक 'सिस्टीम बदलणे' असे सरसकट म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिन्हींचा खर्च, धोका आणि फायदा वेगळा आहे.

पहिली पायरी म्हणजे कंपनीची सिस्टीम तशीच ठेवून तिच्या शेजारी एक खुला वाचन-प्रोग्राम बसवणे. यातला सर्वांत नावाजलेला प्रोग्राम 'केओ-रीडर'. तो ईपब, पीडीएफ, डीजेव्हीयू आणि साधा मजकूर अशा अनेक प्रकारच्या फाईली उघडतो. नको झाला तर काढून टाकता येतो आणि यंत्र पूर्ववत राहते.

दुसरी पायरी म्हणजे कुलूप उघडणे, ज्याला जेलब्रेक म्हणतात. किंडलवर केओ-रीडर हवा असेल तर ही पायरी टळत नाही. कंपनीच्या सिस्टीममध्ये एखादी फट शोधून आत शिरायचे असते. जानेवारी २०२५ मध्ये 'विंटरब्रेक' नावाची अशी एक रीत निघाली. पण कंपनी पुढच्या अपडेटमध्ये फट बुजवते. त्यामुळे आज चालते ते उद्याच्या यंत्रावर चालेलच असे नाही.

तिसरी पायरी म्हणजे कंपनीची सिस्टीम बाजूला काढून पूर्ण नवी बसवणे. काही जुन्या कोबोंसाठी 'क्विल ओएस' आहे, तिचे पूर्वीचे नाव 'इंकबॉक्स'. पाइन ६४ या गटाने २०२१ मध्ये 'पाइननोट' हे मोठ्या पडद्याचे यंत्र जाहीर केले. ते मुळातच लिनक्ससाठी बनवलेले आहे, पण ते शिकाऊ आणि हौशी जाणकारांसाठी आहे. दुकानदाराने ते पहिले यंत्र म्हणून घेऊ नये.

आमचे स्पष्ट मत असे की शंभरातल्या नव्वद वाचकांची गरज पहिल्या पायरीवरच भागते. उर्दू दिसावे, स्कॅन केलेले पान वाचता यावे, अक्षर मोठे व्हावे ही तिन्ही कामे केओ-रीडर करतो. ज्याला सदऱ्याची फक्त बाही आखूड करायची आहे, त्याने सगळा सदरा उसवू नये.

यंत्र निवडतानाच निम्मे काम होते

येथे व्यापाऱ्याची नजर कामाला येते. बरेच लोक आधी यंत्र घेतात आणि मग विचारतात की यात काय बसवता येईल. हा उलटा व्यवहार झाला. आधी विचारावे, मग घ्यावे.

कोबोमध्ये केबल जोडली की तो पेन ड्राइव्हसारखा उघडतो. त्यात ठराविक फोल्डरात ठराविक नावाची फाईल ठेवली की यंत्र ती स्वतः बसवून घेते. फट शोधावी लागत नाही. पॉकेटबुकमध्येही फोल्डर कॉपी करूनच काम होते. किंडलमध्ये कुलूप आहे आणि ते उघडते की नाही हे त्या यंत्राच्या मॉडेलवर आणि सिस्टीमच्या नंबरावर ठरते.

अडचण अशी की आपल्याकडे किंडल सहज नजरेस पडतो, कोबो व पॉकेटबुक शोधावे लागतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवताना किंवा जुने यंत्र विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मॉडेलचे पूर्ण नाव काय? सेटिंगमध्ये सिस्टीमचा नंबर कोणता दिसतो? यंत्र आधीच्या मालकाच्या खात्यातून मोकळे केले आहे का? बॅटरी किती टिकते? पडद्यावर न जाणारी रेघ किंवा काळा डाग आहे का? या पडद्याला तडा गेला तर दुरुस्ती नसते, पूर्ण पडदाच बदलावा लागतो. म्हणून यंत्र चालू करून, दहा-वीस पाने उलटून, उजेडात पाहूनच पैसे द्यावेत. ताग्याची घडी उलगडून आतली बाजू पाहतो, तसेच हे.

कोबोवर केओ-रीडर बसवण्याची रीत

आम्ही ही रीत कोबो क्लारा एचडी या २०१८ च्या यंत्रावर वापरतो. इतर कोबोंवरही क्रम साधारण असाच आहे. तरी आपल्या मॉडेलसाठी दिलेली सूचना एकदा वाचूनच हात घालावा.

१) यंत्र पूर्ण चार्ज करावे. काम अर्धवट असताना बॅटरी संपणे हे यंत्र बिघडण्याचे मोठे कारण आहे. लोडशेडिंगच्या वेळी डेस्कटॉप संगणकावर हे काम काढू नये, लॅपटॉप बरा.

२) केबल चांगली घ्यावी. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाईल जात नाही. यंत्राच्या पडद्यावर 'कनेक्ट' असे विचारले जाते, ते दाबावे. संगणकावर कोबो नावाचा ड्राइव्ह दिसेल.

३) आधी त्या ड्राइव्हमधील सर्व काही संगणकावरच्या एका फोल्डरात कॉपी करून ठेवावे. हा आपला दुसरा कीर्द-खतावणीचा संच समजा. मूळ वही हरवली तरी हिशेब बुडत नाही.

४) ड्राइव्हमध्ये '.कोबो' असे इंग्रजीत लिहिलेले, टिंबाने सुरू होणारे फोल्डर असते. ते लपलेले असते. संगणकाच्या 'व्ह्यू' मेन्यूत लपलेल्या फाईली दाखवण्याची खूण करावी, म्हणजे ते दिसेल.

५) केओ-रीडरचे आपल्या यंत्रासाठीचे पॅकेज त्या प्रकल्पाच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. कोणी पेन ड्राइव्हवर दिलेले किंवा मोबाईलवर फिरत आलेले घेऊ नये. मालात भेसळ कुठे झाली हे नंतर कळत नाही.

६) कोबोमध्ये केओ-रीडर सुरू करायला मेन्यूत एक बटण लागते. ते देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे नाव 'निकेल-मेन्यू'. त्याची 'कोबोरूट' नावाची फाईल टिंबवाल्या '.कोबो' फोल्डरात न उघडता तशीच ठेवायची. केओ-रीडरचे फोल्डर '.ॲड्स' नावाच्या फोल्डरात ठेवायचे. ही दोन्ही कामे आपोआप करणारे तयार पॅकेजही मिळते. नवख्याने तेच घ्यावे.

७) कॉपी पूर्ण झाल्यावर संगणकावर 'इजेक्ट' करूनच केबल काढावी. घाईने ओढली तर फाईल अर्धी जाते. केबल काढल्यावर यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईल. त्या दोन मिनिटांत कोणतेही बटण दाबू नये.

८) मेन्यूत केओ-रीडरचे नाव दिसले की काम झाले. कंपनीचे दुकान आणि आपली जुनी पुस्तकेही जागेवरच असतात.

काढायचे झाल्यास केओ-रीडरचे फोल्डर पुसावे. निकेल-मेन्यू काढायला त्याच्या फोल्डरात 'अनइन्स्टॉल' या इंग्रजी नावाची एक रिकामी फाईल ठेवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

उर्दू आणि मराठीची घडी बसवणे

केओ-रीडरच्या फोल्डरात 'फॉन्ट्स' नावाचे फोल्डर असते. त्यात हवा तो फॉन्ट कॉपी केला की तो यादीत येतो. उर्दूसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' हा गूगलचा मुक्त फॉन्ट चांगला. नस्तालीकला खाली-वर जागा जास्त लागते, म्हणून ओळींमधले अंतर वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचे शेपूट खालच्या ओळीत शिरते. मराठीसाठी मुंबईच्या 'एक टाइप' गटाचा 'मुक्त' आहे. रेड हॅट कंपनीचा 'लोहित' आहे, आणि त्याच्या घडणीत पुण्याच्या अभियंत्यांचा हात आहे. म्हणजे हे खुले काम दूर अमेरिकेतच होते असे नाही. आपल्यापासून लोकलच्या अंतरावर बसलेल्या लोकांनीही त्यात घाम गाळला आहे.

मात्र फॉन्ट फक्त ईपबसारख्या मजकुराच्या फाईलला लागू पडतो. मराठी विकिस्रोतावरील पुस्तके ईपब स्वरूपात घेता येतात, ती फार सुबक दिसतात. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षर नसते, अक्षराचा फोटो असतो. तिथे फॉन्ट काही करू शकत नाही.

स्कॅन केलेल्या पानासाठी तीन सोयी आहेत. पहिली, समास आपोआप कापणे. चारही बाजूंचा कोरा कागद गेला की अक्षर बरेच मोठे होते. दुसरी, गडदपणा वाढवणे. पिवळ्या पडलेल्या पानावरची फिकट शाई उठून दिसते. तिसरी सोय 'रीफ्लो'. यात प्रोग्राम पानाच्या फोटोतून एकेक शब्द कापतो, मोठा करतो आणि नव्याने ओळीत लावतो, जसा कारागीर चिंध्या जोडून गोधडी लावतो. मराठीत हे चांगले जमते. उर्दूसाठी लेखनाची दिशा उजवीकडून डावीकडे अशी निवडावी लागते, ती सोय आत आहे. पण नस्तालीकमध्ये शब्द एकमेकांवर चढलेले असल्याने ही काटछाट नेहमी नीट होत नाही. अशा पुस्तकाला समास कापून, यंत्र आडवे धरून, अर्धे-अर्धे पान वाचणे हाच उत्तम उपाय.

पूर्ण सिस्टीम बदलायची असेल तर

काही तरुण कारागिरांना तिसऱ्या पायरीची हौस असते. त्यांच्यासाठी जुन्या कोबोंची एक गोष्ट फार सोयीची आहे. टच, मिनी, ग्लो, क्लारा एचडी अशा काही मॉडेलांत सगळी सिस्टीम आतल्या एका मायक्रो एसडी कार्डावर असते, मोबाईलमध्ये घालतो तसल्याच. मागचे झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हळूच उघडले की ते कार्ड दिसते.

येथे एकच नियम पाळावा. मूळ कार्डावर कधीही काही लिहू नये. ते बाहेर काढून संगणकावर त्याची पूर्ण नक्कल घ्यावी. पूर्ण नक्कल म्हणजे फोल्डर कॉपी करणे नव्हे. यंत्राचा नंबर आणि सुरू होण्याची माहिती कार्डाच्या अशा भागात असते की जो फोल्डरात दिसत नाही. म्हणून कार्डाची पहिल्यापासून शेवटपर्यंत छबी उतरवणारा प्रोग्राम वापरावा. नवी सिस्टीम नव्या कार्डावर घालावी आणि मूळ कार्ड पाकिटात घालून, त्यावर मॉडेलचे नाव लिहून जपून ठेवावे. काही बिघडलेच तर जुने कार्ड परत लावले की यंत्र होते तसे सुरू.

नव्या यंत्रांत मात्र ही साठवण पट्टीवर डाख देऊन बसवलेली असते. तिथे सिस्टीम बिघडली तर यंत्र उघडत नाही आणि दुरुस्तही सहज होत नाही. जाणकार अशा यंत्राला 'वीट' म्हणतात. ज्या यंत्रात परतीची वाट नाही, तिथे तिसऱ्या पायरीवर पाऊल ठेवू नये.

किंडल ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी काय करावे? प्रथम सेटिंगमध्ये सिस्टीमचा नंबर वहीत लिहून घ्यावा. विमान मोड चालू ठेवावा, म्हणजे नवे अपडेट परस्पर येत नाही. मग त्या मॉडेलला आणि त्या नंबराला लागू पडणारी रीत आहे का याची खात्री करावी. रीत नसेल तर यंत्राशी झटापट करू नये. कॅलिबर वापरून मराठी ईपब किंडलच्या प्रकारात बदलावीत आणि पीडीएफचे समास संगणकावर कापून मग ती आत घालावीत. निम्मा त्रास तसाही कमी होतो.

कायदा आणि हमी

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. यंत्र आपले आहे, त्यात आपण वाचनाचा प्रोग्राम बसवला ही एक गोष्ट. विकतच्या पुस्तकाचे कुलूप तोडून त्याच्या प्रती वाटल्या ही दुसरी गोष्ट. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ हे कलम आले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही होऊ शकतो. लेखक, प्रकाशक हेही आपल्यासारखेच कष्ट करून खाणारे लोक आहेत. त्यांचा माल फुकट वाटणे म्हणजे दुसऱ्याच्या गोदामातून तागे उचलणे होय.

आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. प्रेमचंद १९३६ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये, मंटो १९५५ मध्ये. त्यांच्या लेखनावरचे हक्क भारतात संपलेले आहेत. माणूस आयुष्यभर वाचू शकेल एवढे साहित्य आज कायद्याने खुले आहे.

हमीचेही पाहावे. सिस्टीममध्ये फेरफार केल्यावर बिघाड झाला तर कंपनी हमी नाकारू शकते. म्हणून नवे कोरे, महागडे यंत्र पहिल्याच दिवशी उघडून बसू नये. हमीची मुदत संपलेले जुने यंत्र शिकायला उत्तम.

कारागिरांसाठी धंद्याची वाट

तळेगाव, वडगाव, लोणावळा या गावांत मोबाईल दुरुस्तीची दुकाने गल्लोगल्ली आहेत. ई-रीडरला हात लावणारा मात्र शोधावा लागतो. बॅटरी बदलणे, चार्जिंगचा सॉकेट बदलणे, फॉन्ट घालून देणे, केओ-रीडर बसवून देणे ही कामे मोबाईल कारागिराच्या हाताबाहेरची नाहीत. २०२४ मध्ये कोबोने आपल्या नव्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आयफिक्सिट या संस्थेशी हात मिळवला, त्यात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती देण्याची सोय झाली. कंपनीच दुरुस्तीला हरकत घेत नाही, हे कारागिरासाठी शुभ चिन्ह आहे. वराळ्यात इंजिनीअरिंग कॉलेज आहे, लिनक्स शिकणारी मुले आपल्या दारात राहतात. दुकानदार आणि हे विद्यार्थी एकत्र बसले तर दोघांचेही भले आहे. मुलाला चार पैसे आणि हातचा अनुभव मिळेल, दुकानाला नवे काम मिळेल.

मात्र गिऱ्हाइकाच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात : मॉडेल, सिस्टीमचा नंबर आणि 'फेरफाराचा धोका समजावून सांगितला आहे' हे वाक्य. त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. तोंडी व्यवहारातूनच पुढे भांडणे होतात.

थोडक्यात

कॅलिबर आजच बसवावा, त्यात धोका काहीच नाही. नवे यंत्र घ्यायचे असेल तर फाईल ठेवून प्रोग्राम बसणारे घ्यावे, कुलूप फोडावे लागणारे नव्हे. केओ-रीडरवर थांबावे, त्यात आपली उर्दू आणि मराठीची गरज भागते. नक्कल घेतल्याशिवाय कोणत्याही यंत्राला हात लावू नये आणि परतीची वाट नसेल तिथे जाऊ नये. एवढे पाळले तर या कामाला संगणकाची पदवी लागत नाही. मोजून, पारखून, जपून व्यवहार करण्याची जी सवय आपल्याला दुकानात लागलेली असते, तीच इथेही पुरते.